सूर्यफुलाचे बी जूनमध्ये वाटू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जागतिक पर्यावरण दिनाच्या निमित्ताने ५ जूनला फुलझाडांचे बी वाटण्याची प्रथा आपल्या गोव्यात आता गावोगाव रूढ झाली आहे. शाळा, पंचायती, युवा मंडळे, महिला मंडळे असे झाडून सारे त्यात उतरतात आणि त्या उत्साहाविषयी माझी काहीच तक्रार नाही. माझा आक्षेप पाकिटातल्या एका बियाला आहे. सूर्यफूल हे या वाटपातले सर्वांचे लाडके बी. ते लहान मुलाच्या चिमटीत नीट धरता येते, आठवडाभरात उगवून वर येते आणि पाकिटावर छापलेले त्याचे पिवळेधमक चित्र कोणालाही भुरळ घालते. आमच्या वाड्यावरही यंदा एका संस्थेने घरटी एकेक पाकीट दिले होते. बहुतेकांनी ते मनापासून पेरले, आणि चवथीला (गणेशचतुर्थीला) पाहावे तर अख्ख्या वाड्यावर फुललेले सूर्यफूल औषधालाही नव्हते. मुलांनी लक्ष दिले नाही, बी खोटे निघाले, माती वाईट, अशी कारणे बलकांवा-बलकांवात (घरापुढच्या बैठकीच्या ओट्यांवर) बसून सांगून झाली. माझ्या मते दोष फक्त महिन्याचा आहे. गोव्यात सूर्यफूल पेरावे ते तुळशीच्या लग्नाच्या सुमारास, आणि ते दिवस आता तोंडावर आले असल्याने हे पत्र लिहीत आहे.

सूर्यफूल मूळचे उत्तर अमेरिकेचे. तेथील मूळ रहिवाशांनी हजारो वर्षांपूर्वी ते लागवडीखाली आणले, सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी ते युरोपात नेले, आणि एकोणिसाव्या शतकात रशियात ते तेलाचे मोठे पीक झाले. भारतात तेलबी म्हणून त्याची लागवड १९७० च्या आसपास रशियन वाणांवर सुरू झाली आणि ती स्थिरावली दख्खनच्या कोरडवाहू पट्ट्यात. घाट चढून हुबळीच्या पुढे गदग, कोप्पळ, बळ्ळारीकडे गेलेल्यांनी रस्त्याच्या कडेची ती शेते पाहिली असतील. तिकडचा शेतकरी पावसाळ्यातही सूर्यफूल घेतो हे खरे. पण तिकडचा पाऊस म्हणजे वर्षाकाठी ५०० ते ७०० मिलिमीटर, मधूनमधून पडणारा आणि उघडीप देणारा. आपल्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस होतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. उन्हाचा हिशेब तर याहून बोलका आहे. या झाडाला दिवसाला निदान सहा ते आठ तास थेट ऊन लागते. पणजीची दीर्घकालीन सरासरी पाहिली तर जुलैत दिवसाकाठी साडेतीन तासांच्या आसपास ऊन मिळते आणि जानेवारीत दहा तासांच्या आसपास. ज्याच्या नावातच सूर्य आहे त्याला आपण नेमके सूर्य रजेवर असताना बोलावतो.

वृक्षारोपण जूनमध्ये करतात, मग फुलझाड का नको, असे कोणी विचारील. तेव्हाचे केंद्रीय कृषिमंत्री कन्हैयालाल मुन्शी यांनी १९५० साली सुरू केलेला वनमहोत्सव जुलैत होतो, त्यामागे सरळ शहाणपण आहे: आंब्याच्या वा जांभळीच्या रोपाला पुढे कित्येक वर्षे जगायचे असते आणि पहिल्या चार ओल्या महिन्यांत त्याची मुळे जमिनीत पक्की बसतात. सूर्यफुलाचे सगळे आयुष्यच अडीच ते साडेतीन महिन्यांचे. जूनच्या पहिल्या आठवड्यात पेरलेले बी उगवते, वाढते, फुलते आणि संपते ते सारे पावसातच.

त्या पावसात त्याचे काय होते हे ज्यांनी जवळून पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडे सविस्तर लिहितो. काही बी पाणी साचलेल्या मातीत उगवण्याआधीच कुजते. जे उगवते त्याची दोन जाड, रसरशीत दले गोगलगाईंना फार आवडतात. रात्री हिरवी असलेली रोपे सकाळी पाहावीत तर नुसती काड्यांसारखी उभी असतात. त्यातून वाचलेले रोप उजेडाच्या शोधात लांबट, किडकिडीत वाढते आणि वाऱ्यापावसाच्या पहिल्या झोडपणीला आडवे होते. मग खालच्या पानांवर तपकिरी ठिपके दिसू लागतात, त्यांच्याभोवती पिवळी कडा येते, ठिपके एकमेकांत मिसळून पाने करपतात आणि रोग एकेक पान वर चढत जातो. हा अल्टरनेरिया बुरशीचा करपा आहे आणि सततची ओल त्याला मानवते. इतके होऊनही एखाद्या झाडाला फूल आलेच, तर त्या फुलाच्या मधल्या तबकात पाणी मुरून ते मागून मऊ पडते व सडते. भरपावसात मधमाश्याही फिरकत नाहीत; म्हणजे बी धरण्याचा प्रश्न मिटला. इतक्या प्रतीक्षेनंतर मुलाच्या वाट्याला येते ते सडके बोंड, आणि बागकाम आपल्याला जमत नाही अशी त्याची समजूत होते, ती वेगळीच.

आता पाकिटावर 'बारमाही' असे छापलेले असते, ते काय खोटे, असा प्रश्न येईल. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. शेवंतीसारख्या झाडांना दिवस लहान झाल्याशिवाय कळ्या धरत नाहीत. आपल्याकडच्या शेतातल्या सूर्यफुलाच्या जाती दिवसाच्या लांबीला फारशा जुमानत नाहीत, म्हणून शास्त्रीय दृष्टीने ते कोणत्याही हंगामात फुलू शकते. पाकीट छापणाऱ्याने त्यावरून 'बारमाही' लिहिले. त्याच्या डोळ्यांपुढे पेडणे-सत्तरीतला जुलै नसणार. 'अतिपावसाच्या प्रदेशात पावसाळ्यानंतर पेरावे' एवढी एक ओळ बियाणे विकणाऱ्यांनी पाकिटावर घातली तर त्यांचे काही बिघडणार नाही.

व्हडली दिवाळी म्हणजे तुळशीचे लग्न झाले की आपल्याकडे पोरसू (परसबाग) घालण्याची लगबग सुरू होते, अळसांदे, वांगी, मिरची, लाल भाजी यांचे वाफे पडतात. सूर्यफुलाला तोच मुहूर्त. नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात पेरलेले बी जानेवारीच्या अखेरीस वा फेब्रुवारीत फुलते. पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने थोडे थोडे पेरत गेल्यास शिगम्यापर्यंत फुले मिळत राहतात. त्यापुढे ताणू नये, कारण एप्रिल-मेच्या उन्हात दाणा नीट भरत नाही आणि विहिरीचे पाणीही तळाला गेलेले असते.

आपली जांभ्याची तांबडी माती ही या झाडाच्या दृष्टीने दुसरी अडचण. ती आम्लधर्मी असते आणि मुसळधार पावसाने तिच्यातली अन्नद्रव्ये धुऊन गेलेली असतात. सूर्यफुलाला जवळपास उदासीन माती मानवते. पेरणीपूर्वी पंधरा-वीस दिवस वाफ्यात थोडी चुन्याची भुकटी मिसळून पाणी द्यावे आणि नंतर कुजलेले शेणखत भरपूर घालावे. चुना व खत एकाच दिवशी घालू नये, खतातला नत्र अमोनिया होऊन उडून जातो. किनाऱ्याकडच्या, म्हणजे बार्देश-सासष्टीच्या वाळूसर भाटांत (माडांच्या बागांत) पाण्याचा निचरा उत्तम होतो, तेथे चुन्यापेक्षा खताकडे लक्ष द्यावे. धुऊन जाणाऱ्या द्रव्यांत बोरॉन हे एक असते आणि सूर्यफूल त्याच्या बाबतीत फार हळवे आहे. ते कमी पडले की तबकात दाणे पोचट राहतात. बाहेरच्या पिवळ्या पाकळ्या उमलू लागताना लिटरभर पाण्यात २ ग्रॅम बोरॅक्स मिसळून तबकावर एकदा फवारण्याची शिफारस शेतीशास्त्रात आहे. अधिक घातले म्हणजे अधिक फायदा, असे मात्र येथे समजू नये. जास्त बोरॉन झाडाला घातक ठरते.

बी एक पेर खोल, थेट वाफ्यातच टोकावे. त्याचे सोटमूळ सरळ खाली जाते आणि ते दुखावले की झाड कायमचे खुजे राहते, म्हणून आधी ट्रेमध्ये रोपे करून मग उपटून लावण्याची घाई करू नये. गोगलगाई वा मोरांच्या भीतीने रोपे बाजूला करायचीच असतील, तर बूड काढलेल्या करवंटीत किंवा वर्तमानपत्राच्या पुंगळीत (आपल्या वर्तमानपत्राचाही हा एक उपयोग, राग मानू नये) एकेक बी लावावे आणि पुंगळीसकट जमिनीत ठेवावे. बुटक्या जातींना फूटभर अंतर पुरते, उंच जातींना दीड ते दोन फूट हवे. सदनिकेत राहणाऱ्यांनी बुटकी जात निवडून निदान फूटभर खोल कुंडी घ्यावी. गच्ची नसेल आणि बाल्कनीत दिवसभरात जेमतेम दोन तास ऊन येत असेल, तर या झाडाच्या नादी लागू नये, तेथे अबोलीसारखे अर्ध्या सावलीत रमणारे झाड बरे.

जागा निवडताना एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही आणि तिच्याविषयी मला जरा विस्ताराने लिहायचे आहे. सूर्यफूल दिवसभर सूर्याकडे तोंड फिरवत असते असे आपण शाळेत शिकलो. ते अर्धेच खरे आहे. फिरते ते कोवळे झाड आणि न उमललेली कळी; दिवसा खोडाची पूर्वेकडची बाजू अधिक वाढते म्हणून शेंडा पश्चिमेकडे झुकतो, रात्री पश्चिमेकडची बाजू अधिक वाढते म्हणून तो परत पूर्वेकडे येतो आणि सूर्य उगवण्याआधीच त्याच्या वाटेकडे तोंड करून उभा राहतो. फूल पुरते उमलले की खोडाची वाढ थांबते, आणि वाढ थांबली की फिरणेही थांबते. मग ते फूल अखेरपर्यंत पूर्वाभिमुखच राहते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखवले, की पूर्वेकडे तोंड असलेली फुले सकाळी लवकर तापतात आणि कुंडी फिरवून पश्चिमेकडे तोंड केलेल्या फुलांपेक्षा त्यांच्यावर कितीतरी अधिक मधमाश्या येतात. घरच्या बागेत याचा अर्थ असा, की बलकांव पूर्वेला असेल आणि त्याच्यापुढे अंगणात तुम्ही हौसेने सूर्यफुलांची रांग लावली, तर ऐन बहरात ती सगळी तुमच्याकडे पाठ करून रस्त्याकडे पाहत राहतील. शेजाऱ्यांची चंगळ होईल, तुम्हाला मात्र हिरव्या पाठी आणि माना दिसतील. बसायच्या जागेच्या पश्चिमेला, पण घराची वा माडांची सावली पडणार नाही इतक्या अंतरावर त्यांना लावावे. आपल्याकडे माडापोफळींनी वेढलेल्या कुळागरात अशी मोकळी जागा सापडणे कठीण, हे मलाही ठाऊक आहे. बहुधा विहिरीकडची किंवा खळ्याकडची बाजूच उपयोगी पडते.

बियाच्या निवडीबाबतही वाटप करणाऱ्यांनी सावध असावे. फुलदाणीसाठी तयार केलेल्या अनेक संकरित जातींच्या फुलांत पराग नसतो. टेबलावरच्या कापडावर पिवळी पूड सांडू नये म्हणून मुद्दाम तशा जाती काढल्या आहेत. फुलविक्रेत्यांना त्या सोयीच्या. पण 'मधमाश्यांसाठी सूर्यफूल' असा फलक लावून नेमके हेच बी वाटले जाते, तेव्हा हसावे की रडावे कळत नाही. त्या फुलांत मध असतो, पराग नसतो, आणि जवळपास दुसरे परागवाले सूर्यफूल नसेल तर दाणाही धरत नाही. शेतीतले संकरित वाण पराग देतात, परंतु त्यांचे घरी धरलेले बी पुढच्या वर्षी मूळ झाडासारखे निपजत नाही. घरच्या बागेसाठी आणि विशेषतः शाळांसाठी 'मॉर्डेन'सारखा जुना, सरळ (म्हणजे संकरित नसलेला) वाण उत्तम. तो सुमारे तीन फूट वाढतो, अडीच-पावणेतीन महिन्यांत तयार होतो आणि त्याचे बी धरून ठेवता येते. शेती-दुकानातल्या बियाला अनेकदा बुरशीनाशक चोळून गुलाबी वा हिरवा रंग दिलेला असतो. असे बी लहान मुलांच्या हाती मुळीच देऊ नये, कारण सूर्यफुलाचे बी खातात हे मुलांना पक्के माहीत असते. वाटपाची खरेदी करणाऱ्याने दुकानदाराला 'हे प्रक्रिया केलेले आहे काय' एवढे विचारून घ्यावे.

ज्या घरात शाळकरी मूल आहे तेथे या झाडाचा एक मोठा लाभ होतो. आपण ज्याला एक फूल म्हणतो ते शेकडो लहान फुलांचे तबक असते. कडेच्या पिवळ्या पाकळ्या ही वांझ फुले. दाणे धरतात ती आतली बारीक नळीसारखी फुले. ती एकदम उमलत नाहीत. सर्वांत बाहेरचे कडे आधी, मग त्याच्या आतले, असे रोज एकदोन वेटोळ्यांनी ती मध्याकडे उमलत जातात. भिंग घेऊन पाहिले तर उमललेल्या नळीतून पहिल्या दिवशी गडद परागकोश वर आलेला आणि त्याच्या टोकाशी पिवळी पूड दिसते. दुसऱ्या दिवशी त्याच नळीतून दोन टोकांचे स्त्रीकेसर बाहेर येऊन मागे वळलेले दिसते. म्हणजे एकाच तबकावर बाहेरच्या कड्यात स्त्रीकेसर, त्याच्या आत पराग आणि मध्यभागी मिटलेल्या कळ्या, असे सारे टप्पे एका वेळी पाहायला मिळतात. दाणे भरल्यावर त्यांच्या उलटसुलट वळणाऱ्या रांगा मोजाव्यात. एका बाजूला ३४ आणि दुसऱ्या बाजूला ५५, किंवा मोठ्या तबकात ५५ व ८९, असे आकडे बहुतेकदा येतात.

मधमाश्या कमी असल्या तर सकाळी आठ ते अकराच्या दरम्यान हाताला तलम कापड गुंडाळून एका तबकावरून दुसऱ्या तबकावर हलकेच फिरवावे, दिवसाआड चार-पाच वेळा केले की पुरे. पोरसाच्या कडेला लावलेल्या सूर्यफुलांमुळे माश्यांची ये-जा वाढते व तिचा फायदा शेजारच्या लाल भोपळ्यालाही होतो, कारण त्याची फळधारणा माश्यांवरच अवलंबून असते. तबकाची मागची बाजू हिरवी जाऊन लिंबासारखी पिवळी झाली की ते कापावे. त्याच्या आधी पोपट येणार हे गृहीत धरून जुन्या मच्छरदाणीचा तुकडा बांधावा. वानरांवर मात्र मला उपाय ठाऊक नाही. बी सावलीत वाळवून, राखेत घोळून घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावे. ते तेलकट असल्याने पावसाळ्यातली दमट हवा लागली की त्याची उगवणशक्ती झपाट्याने जाते.

जूनमध्ये बी वाटूच नये असे माझे म्हणणे नाही. भेंडी, दोडकी, तवशी (मोठी काकडी), चिबूड ही पावसावर वाढणारी मंडळी आहेत. जुलैअखेर तळावलीच्या सांतानाच्या (सेंट अ‍ॅनच्या) फेस्ताला भाविक तवशी वाहतात ती ऐन पावसाळ्यातच. फुलेच हवी असतील तर तेरडा आहे, आणि उंचवट्यावर लावलेला झेंडू दसऱ्याला कामी येतो. त्यामुळे ५ जूनचा कार्यक्रम आहे तसा राहू द्यावा, पाकिटातले बी तेवढे बदलावे, आणि सूर्यफुलाचे वाटप तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी ठेवावे. त्या दिवसांत शाळा सहामाही सुट्टी संपवून नुकत्याच उघडलेल्या असतात, झाड फुलते तेव्हा वर्ग चालू असतात, आणि मुलांना पेरण्यापासून दाणा काढण्यापर्यंतचे सारे एकाच इयत्तेत पाहता येते. जूनच्या पेरणीत ते चवथीच्या सुट्टीतच संपते. कृषी खात्याच्या विभागीय कार्यालयांतून शेतकऱ्यांना भाजीपाल्याचे बियाणे मिळते, त्यासोबत सरळ वाणाच्या सूर्यफुलाची छोटी पाकिटे नोव्हेंबरमध्ये उपलब्ध झाली तर शाळांची दुकानांतली शोधाशोध वाचेल.

तोपर्यंत, आमच्या बागेतल्या गेल्या हंगामाच्या सरळ वाणाचे, कसलीही प्रक्रिया न केलेले बी थोडे शिल्लक आहे. फोंडा महालातल्या ज्या प्राथमिक शाळांना ते हवे असेल त्यांनी आपल्या कार्यालयाकडे कळवावे. माझा पत्ता आपल्यापाशी आहे, बी मी पोहोचवीन.

आपला,
एक वाचक
फोंडा, गोवा